किल्लारीनंतरची झोप

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लातूर-उस्मानाबादकडची गावं उशिरा निजली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली.

जी वाचली, त्यांतल्या कित्येकांना पुढे छपराखाली झोपच येईना. नवी पक्की घरं मिळाली, तरी माणसं बाहेर अंगणात पडायची. अशा बाईला ‘बाधा झाली’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पहिल्या महायुद्धात तर असे थरथरणारे सैनिक भित्रे ठरवले गेले. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी या दुखण्याला नाव दिलं, पीटीएसडी. तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे येणं, झोप उडणं, जराशा आवाजाने दचकणं, त्या जागेकडे न फिरकणं. महिना उलटला तरी हे सुटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं. समुपदेशनाने, औषधाने आराम पडतो.

लातूरकडच्या बायकांनी आणखी एक केलं. घरदुरुस्तीच्या सरकारी योजनेत महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंत मजबूत कशी करायची, ते दारोदार सांगू लागल्या. ज्या भिंतींनी माणसं नेली, त्याच भिंतींबद्दल बोलायचं! आम्हाला याचं फार अप्रूप वाटतं. 2001 मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा लातूरकडच्या काही जणी गुजरातला गेल्या. आपण कशा उठलो, ते तिथल्या बायकांना सांगायला.