तळटीप : फोरामिनिफेरा
१. फोरामिनिफेरा : समुद्रतळाच्या व खाडीच्या गाळात आढळणारे कवचधारी एकपेशीय जीव. बहुतेक एक मिलिमीटरहूनही लहान. कवच बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे. काही जाती वाळूचे कण चिकटवून ते घडवतात. पाणी जितके थंड, तितका कवचात ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक अधिक. याच आधारे चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये हिमयुगांतील सागरी तापमानाचा आलेख मांडला. मात्र हिमस्तर वाढतात तेव्हा हलका ऑक्सिजन-१६ बर्फात अडकतो व समुद्रात ऑक्सिजन-१८ चे प्रमाण वाढते. आलेखातील चढउतारांचा मोठा भाग या बर्फामुळे आहे, हे निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये दाखवले. त्यामुळे तापमानासाठी आता कवचातील मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे गुणोत्तरही तपासतात. खाडीत अधिक दक्षता हवी : नदीचे गोडे पाणी समस्थानिकांचे प्रमाण बदलते, आणि सेंद्रिय द्रव्य कुजून आम्लधर्मी झालेल्या गाळात कॅल्शियम कार्बोनेटची कवचे विरघळतात. म्हणून खारफुटीच्या गाळात ती सापडली नाहीत, एवढ्यावरून ते जीव तेथे नव्हतेच असा निष्कर्ष वाचकांनी काढू नये. — संपा.