स्वरवाक्य (ब्लूज गिटारवादन)

स्वरवाक्य : (ब्लूज गिटारवादनातील). गायक एका श्वासात जेवढे बोलतो तेवढ्याच विस्ताराचा, उठाव, रोख आणि विसावा ही तिन्ही अंगे असलेला स्वरसमूह म्हणजे स्वरवाक्य होय. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय शेतमजुरांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आलेल्या ‘ब्लूज’ नामक गीतप्रकारात गिटारवादक जेव्हा एकट्याने वाजवू लागतो, तेव्हा त्याच्या वादनाचे मोल त्याने किती स्वर वाजविले यावरून न ठरता, ऐकणाऱ्यास कोणी आपल्याशी बोलत आहे असे वाटले की नाही, यावरून ठरते. इंग्रजीतील ‘फ्रेझिंग’ ही संज्ञा मराठी वादकांच्या तोंडी आता रुळली असली, तरी आपल्या मैफिलीतला जाणकार श्रोता मांडीवर थाप मारून ‘काय जागा घेतली!’ असे जे म्हणतो, त्यातील ‘जागा’ हा शब्द अधिक नेमका आहे. कारण त्यात स्वर कोणता याबरोबरच तो कोठे आणि केव्हा आला, हाही अर्थ सामावलेला आहे.

ब्लूजचा रूढ घाट बारा खंडांचा असून प्रत्येक खंड चार मात्रांचा असतो. पहिल्या चार खंडांत गायक एक ओळ म्हणतो, पुढील चार खंडांत तीच ओळ, क्वचित एखादा शब्द फिरवून, पुन्हा म्हणतो, आणि अखेरच्या चारांत तिचा निकाल सांगणारी निराळी ओळ येते. साथीचा स्वरमेळ प्रारंभी षड्जावरचा असतो, पाचव्या खंडात तो मध्यमावर जातो, नवव्यात पंचमावर चढतो आणि तेथून परत घरी येतो. विलंबित लयीत, मिनिटाला साठ मात्रांच्या गतीने, हे सारे चक्र 48 सेकंदांत पुरे होते. (बारा हा आकडा पाहून कोणी एकतालाशी नाते जोडू नये.) महत्त्वाची गोष्ट अशी की, गायकाची ओळ बहुधा दोन-अडीच खंडांतच संपते आणि उरलेली दीड-दोन खंडांची मोकळी जमीन गिटारच्या वाट्यास येते. शाहिराने चौकाची ओळ सोडताच झीलकऱ्याने ती उचलून धरावी, किंवा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (1909–68) खंजिरी भजनात पुढच्याच्या चरणाला मागच्यांनी साथ द्यावी, तद्वत ही योजना आहे; फरक एवढाच की येथील झीलकरी निःशब्द आहे आणि तो आलेली ओळ परत न म्हणता तिला उत्तर देतो. एकल वादनात गायक गप्प झाला तरी ही वहिवाट सुटत नाही. वादकाला प्रश्नही स्वतःच विचारावा लागतो आणि उत्तरही स्वतःच द्यावे लागते, आणि या दोहोंमध्ये श्वास घेण्याइतकी उसंत ठेवावी लागते.

दारव्हा व पुसद यांच्या दरम्यान वसलेल्या दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी बसून या विषयाचा विचार करणाऱ्यास एक साम्य सहजच जाणवते. ब्लूजची जन्मभूमी मानला जाणारा मिसिसिपी राज्याचा वायव्य भाग, ज्याला नदीचे मुख तेथे नसूनही ‘डेल्टा’ म्हणतात, हा निखळ कापसाचा मुलूख आहे. आणि 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवीने तेथील कापूस विलायतेस जाणे थांबले, तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांची नजर ज्या काळ्या जमिनीकडे वळली, तीत वऱ्हाड अग्रभागी होते. येथील पऱ्हाटीला भाव चढला तो तेथल्या रणधुमाळीमुळे. तथापि माती काळी आणि पीक पांढरे म्हणून दोहोंकडचे गाणेही एकच, असा सिद्धान्त मांडणे भाबडेपणाचे होईल. गुलामगिरी आणि तिच्यानंतरची अर्धेलीची पिळवणूक यांतून निघालेला तो सूर सावकारी पाशातल्या रयतेच्या सुराहून निराळाच आहे. हुंदका गळ्यात अडकून स्वर किंचित खाली राहणे, हे मात्र वेचणीस वाकलेल्या कोणत्याही माणसाला परके नाही.

हा अडकलेला स्वर वाद्यावर आणावयाचा कसा, हाच या कलेतील कळीचा मुद्दा होय. गिटारच्या मानेवर धातूचे पडदे कायमचे ठोकलेले असल्यामुळे तिची अवस्था पेटीसारखीच व्हावयाची. आणि दोन स्वरांमधील वाट पेटीला दाखविता येत नाही, ही तक्रार तर इतकी जुनी की आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला आपल्या दारात येऊ दिले नव्हते. गिटारची सुटका तिच्या तारेत आहे. पडद्यावर दाबलेली तार आडवी सारली की ताण वाढतो आणि स्वर चढतो. सतारिये याच रीतीने मींड घेतात, फक्त ते बाजाची तार खाली ओढतात, तर गिटारवादक वरच्या तीन तारा बहुधा वर ढकलतो. ॲल्बर्ट किंग (1923–92) हा डावखुरा वादक उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरीत असे, म्हणून त्यास तीच तार खाली खेचण्याची मुभा मिळाली, आणि ढकलण्यापेक्षा खेचण्यात जोर अधिक लागत असल्याने त्याची मींड इतरांहून लांब आणि करारी झाली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी हिशेबाचे दप्तर सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गमकाचे पंधरा प्रकार नमूद केले आहेत. ब्लूजवाल्यांनी असे खाते कधी मांडले नाही. मात्र कंप, आंदोलन, घसीट, कण हे सारे जिन्नस त्यांच्या दुकानात आहेत.

स्वरसंचाच्या दृष्टीने पाहता, ब्लूजमधील सर्वांत प्रचलित पाच स्वर सा, कोमल ग, म, प व कोमल नी हे असून ते आपल्या धानी रागाचेच स्वर होत. त्यांत जाता-येता तीव्र मध्यमाचा स्पर्श होतो. परंतु केवळ धानी वाजवून ब्लूज होत नाही. साथीच्या स्वरमेळात शुद्ध गंधार वाजत असतो आणि वादकाच्या तारेवर कोमल गंधार असतो. या दोहोंच्या झटापटीत जो तिसरा, ना कोमल ना शुद्ध असा गंधार निघतो, तो या संगीताचा प्राण आहे. जोग रागात दोन्ही गंधार आळीपाळीने येतात आणि दरबारी कानड्यात कोमल गंधार संथपणे आंदोलित होतो. ज्या कानाने हे दोन राग मन लावून ऐकले आहेत, त्यास या तिसऱ्या गंधाराचा पत्ता सांगावा लागत नाही.

या कलेचा आदर्श म्हणून बी. बी. किंग (1925–2015) याचे नाव घेतले जाते आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते यथार्थ आहे. मिसिसिपीतच जन्मलेला, लहानपणी कापूस वेचलेला आणि पुढे मळ्यावर ट्रॅक्टर चालविलेला हा वादक गाताना वाजवीत नसे आणि वाजविताना गात नसे. त्याचा नातलग बुका व्हाइट तारेवर धातूची नळी घसरवून जो थरथरता सूर काढी, तो आपल्याला नळीने साधत नाही म्हणून किंगने डाव्या हाताचा अंगठा मानेवरून सोडून, तर्जनी तेवढी तारेवर रोवून, सारा पंजा फडफडविण्याची रीत काढली. एका उणिवेपोटी जन्मलेले हे आंदोलन पुढे त्याची ओळख ठरले. आपल्या गिटारला त्याने ‘लुसिल’ हे नाव दिले. 21 नोव्हेंबर 1964 रोजी शिकागोच्या रीगल नाट्यगृहात ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या कार्यक्रमात एकेका स्वरावर श्रोते ओरडून दाद देतात, ते ऐकताना मैफिलीत ‘क्या बात है’ म्हणणारे आपले रसिक आठवतात.

शिकण्याची रीत. दिग्रस येथील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एकदा आपले वादन ऐकविले. बोटे विलक्षण चपळ होती, पाचही स्वर वरखाली पाण्यासारखे वाहत होते आणि दोन मिनिटांनंतर त्यातले काहीही ध्यानात राहिले नव्हते. त्यास गिटार खाली ठेवून तेच तोंडाने गावयास सांगितले, तेव्हा चार स्वरांतच त्याचा दम संपला. आणि ते चार स्वर मात्र फार सुंदर होते! गाता येईल तेवढेच वाजवावे, हा नियम ऐकावयास सोपा असला तरी वाजविणाऱ्याच्या अहंकारास जाचक आहे. आधी ध्वनिमुद्रणातील एकच वाक्य घ्यावे, ते थांबवून गुणगुणावे, गळ्यात बसल्यावरच तारेवर शोधावे.

‘ए’ या सुरात वाजविताना दुसऱ्या तारेच्या दहाव्या पडद्यावर तार षड्ज सापडतो आणि बाराव्यावर ऋषभ. अनामिका बाराव्या पडद्यावर ठेवून मधले बोट व तर्जनी तिच्या मागे टेकू म्हणून लावावी, आणि कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट फिरवून तिन्ही बोटांनी तार वर सारावी. नुसत्या बोटाने ओढणाऱ्याचे बोट सोलवटते आणि स्वरही बेसूर राहतो. तार सरकत कोमल गंधार ओलांडते आणि शुद्ध गंधाराच्या अलीकडे थबकते. तेथे ती क्षणभर धरून ठेवावी, मग सोडून षड्जावर यावे. एवढ्या तीन स्वरांवर पंधरा दिवस घालविले तरी ते वाया जात नाहीत. ओढल्याने स्वर केवळ चढतो, उतरत नाही, ही वाद्याची मर्यादा ध्यानी ठेवावी लागते. म्हणून अवरोही मींड हवी असल्यास तार अगोदर मुकाट्याने ओढून ठेवावी, नंतर नखीने छेडावी आणि सावकाश ढिली करावी. सतारियांचीही हीच तजवीज असते. आंदोलन स्वर लागताच सुरू करणे हा नवशिक्याचा ठळक दोष होय. स्वर आधी सरळ उभा राहावा आणि विझू लागला की हलावा.

लयीसंबंधी एवढे सांगणे पुरे की, ब्लूजची मात्रा तीन भागांत विभागलेली असते आणि वाक्य समेवर आदळण्याऐवजी बहुधा तिच्या किंचित मागून येते. भजनाच्या ठेक्यात वाढलेल्या आपल्याकडील मुलांना हे मागे राहणे चुकल्यासारखे वाटते. ठायीत गाणारे गायक कोणत्या सावकाशीने समेला भेटतात, ते त्यांना ऐकविल्यास संकोच जातो. विराम हाही वाक्याचाच घटक आहे. पहिल्या ओळीनंतर जो वादक एक खंड गप्प राहू शकतो, त्याच्या पुढच्या स्वराकडे सारी सभा कान टवकारते.

तारेवर सरकत्या वस्तूने वाजविण्याची परंपरा या कलेची दुसरी शाखा असून तिचे भारताशी नाते अधिक निकटचे आहे. 1903 च्या सुमारास मिसिसिपीतील टटविलर या लहानशा स्थानकावर रात्री आगगाडीची वाट पाहत असता एक फाटका कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर चाकू दाबून गात होता, अशी आठवण संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी याने नोंदविली आहे. विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरविणारे आपले वादक तत्त्वतः तेच करतात. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर मींडेची गायकी आणली आणि 1967 साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेने ती घरोघर पोहोचविली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणेवर अमेरिकन वादक राय कूडर याच्यासह केलेल्या व 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुद्रणास ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्यात कोण कोणत्या देशीचे वाक्य बोलत आहे, हे काही ठिकाणी डोळे मिटून सांगता येत नाही. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 पासून भरू लागलेल्या ब्लूज महोत्सवात बडी गायसारखे शिकागोचे बुजुर्ग वाजवून गेले आहेत.