माध्यमिक शाळेतील शेतीशास्त्र : स्थान आणि परिभाषा

शाळेत शेतीचे ज्ञान द्यावे, ही मागणी महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीची मूलतत्त्वे असावीत, असे सुचविले होते. ज्या रयतेच्या करावर शिक्षणखाते चालते, तिच्या जीवनाशी शाळेचा संबंध असावा, हे त्या निवेदनाचे मर्म होय.

पुढे वाद माजला तो या विषयाच्या स्थानासंबंधी. १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगापुढे दोन नमुने होते. पुण्याजवळील लोणी येथे शेतीची स्वतंत्र शाळा होती. पंजाबात सामान्य शाळेतच शेती हा एक विषय शिकविला जाई. १९२८ च्या अहवालात आयोगाने पंजाबी नमुन्यास पसंती दिली. मुदलियार आयोगाने १९५३ साली बहुउद्देशी शाळांच्या सात विषयगटांत शेतीचा एक गट ठेवला. उलट, कोठारी आयोगाने १९६६ साली शालेय वयात शेतीचे धंदेशिक्षण देण्यास प्रतिकूल मत दिले आणि शेतीविषयक दृष्टी सामान्य शिक्षणातूनच यावी, असे प्रतिपादन केले.

स्थानाच्या या चर्चेत परिभाषेचा प्रश्न मात्र मागे पडला. ‘भुईमुगाचा बेवड गव्हाला चांगला’ हे शेतकऱ्याच्या मुलास वर्गात येण्यापूर्वीच ठाऊक असते. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात, हे हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून सिद्ध झाले. पाठ्यपुस्तक ‘नत्रस्थिरीकरण’ या संज्ञेपासूनच प्रारंभ करते, तेव्हा विद्यार्थी संज्ञा पाठ करतो. परंतु आपल्याच शेतातील अनुभवाचे हे कारण आहे, हे त्याला उमगत नाही.

तथापि या दोन शब्दांना पर्याय मानणेही चूक ठरेल. बेवड चांगला असतो तसा वाईटही असतो. मागील पिकाने जमिनीत ठेवलेले अवशेष, ओल, तण, कीड या सर्वांचा परिणाम त्या एका शब्दात येतो. नत्रस्थिरीकरण हे त्यांपैकी केवळ एक कारण. ‘वाफसा’ या शब्दाचीही गोष्ट अशीच : मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा यांचे योग्य प्रमाण शेतकरी मूठभर माती दाबून ओळखतो, शास्त्र ते मोजते.

म्हणून बोलीतील शब्दाचे घटक उलगडून दाखविणे, हेच शेतीशास्त्राच्या शिक्षकाचे पहिले कार्य ठरते. शब्द डावलला तर अनुभव वर्गाबाहेर राहतो. शब्दावरच थांबले तर शास्त्र वर्गात येत नाही.