लून पक्ष्याचें पुनरागमन

हेन्री डेव्हिड थोरोचें नांव आपल्याकडे त्याच्या सविनय कायदेभंगावरील निबंधामुळें परिचित आहे. त्याच थोरोनें १८५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘वॉल्डन’ या ग्रंथांत लून नांवाच्या एका पाणपक्ष्याची मोठी मनोरंजक हकीकत दिली आहे. शरद्ऋतूंत हा पक्षी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील वॉल्डन तळ्यावर उतरला कीं शिकारी बंदुका घेऊन तेथें धांवत, आणि पक्षी बुडी मारून त्यांस चकवीत असे. ही हकीकत वाचतांना हंसूं येतें. परंतु पुढें जें घडलें तें हंसण्यासारखें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या सबंध प्रांतांतून लूनची वीण नाहींशी झाली.

असें कां व्हावें, हें समजण्यास या पक्ष्याची जीवनरीत पाहिली पाहिजे. त्याचे पाय शरीराच्या अगदीं मागें असतात, व त्याचीं पुष्कळशीं हाडें इतर पक्ष्यांप्रमाणें पोकळ नसून भरीव असतात. बुडी मारून मासा धरण्यास ही रचना जितकी सोयीची, तितकीच जमिनीवर चालण्यास गैरसोयीची. म्हणून तो घरटें पाण्याच्या कडेलाच करतो. मादी बहुधा दोनच अंडीं घालते, आणि पिल्लें मोठीं होऊन स्वतः वीण करूं लागण्यास कित्येक वर्षें जातात. अशा पक्ष्याचें एकेक वाढलेलें पाखरूं मारणें म्हणजे मुदलालाच हात घालणें होय.

१९१८ सालीं अमेरिकेंत स्थलांतरी पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व बंदुकीच्या शिशास आळा बसला. तरी मॅसॅच्युसेट्समध्यें लूनचें घरटें पुन्हां आढळलें तें १९७५ सालीं, आणि तेंही क्वाबिन या मानवनिर्मित जलाशयावर. बोस्टन शहरास पाणी पुरविण्याकरितां १९३८ सालीं चार गांवें कायद्यानें मोडून हें खोरें बुडविण्यांत आलें होतें. जेथून माणसें उठविलीं गेलीं, तेथेंच परागंदा झालेल्या पाखरांस आसरा मिळाला! अशा जलाशयाची पातळी चढली तर घरटें बुडतें, उतरली तर तें पाण्यापासून दूर राहतें. म्हणून पक्षिसंरक्षकांनीं पाण्याबरोबर वरखालीं होणारे तराफे घरट्यांसाठीं करून दिले.

तथापि शिशाची गांठ सुटली नव्हती. लून पचनासाठीं खडे गिळतो. त्यांत मासे धरणाऱ्यांच्या गळाचीं शिशाचीं वजनें जातात. गळासह निसटलेला मासा खाल्ल्यानेंही तीं पोटांत जातात. असें एक लहानसें वजनही पक्ष्याचा प्राण घेतें. शेजारच्या न्यू हॅम्पशर प्रांतानें २००० सालापासून त्यांवर बंधन घातलें. मॅसॅच्युसेट्सनें २०१२ सालीं गोड्या पाण्यांतील मासेमारींत अशीं लहान वजनें बंद केलीं.

शिकाऱ्यास आपण काय करतों हें पुरें ठाऊक होतें. म्हणून त्यास दटावतां आलें. परंतु तळ्याकांठीं गळ टाकून शांत बसलेल्या सद्गृहस्थास आपल्या हातून कोणाचा जीव जात असेल, याची कल्पनाही नसते. त्याला ती करून देणें हें कायद्याहून अवघड काम आहे. आणि पक्षिरक्षणाच्या इतिहासाचा उत्तरार्ध याच कामाचा आहे.