नळदुर्ग किल्ला (सहलस्थळ)

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातला भुईकोट. सोलापूर–हैदराबाद महामार्गालगत, बोरी नदीच्या काठी. उमरगा तालुक्यातील मुरूम व आसपासच्या शाळांना एका दिवसाच्या सहलीसाठी सोयीचा. नावाचा संबंध नळराजाशी जोडतात. ती आख्यायिका समजावी.

बहमनी, आदिलशाही, मोगल व निजामी अंमल. 1853 ते 1860 या काळात प्रदेश इंग्रजांकडे होता. कादंबरीकार फिलिप मेडोज टेलर तेव्हा येथे अधिकारी होते.

पाणीमहाल : किल्ल्याचे खरे वैशिष्ट्य. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात किल्ला व समोरचा रणमंडळ हा उपदुर्ग यांच्या दरम्यान बोरीवर दगडी बंधारा घातला. पाणी अडल्याने तटाला संरक्षण मिळाले आणि शिबंदीची सोयही झाली. बंधाऱ्याच्याच पोटात कमानींचे दालन असून पायऱ्यांनी आत उतरता येते. पावसाळ्यात माथ्यावरील दोन सांडव्यांतून पाणी कोसळते. तेच नर व मादी धबधबे. दालनात बसलेला माणूस समोर पाण्याचा पडदा पाहतो, पण कोरडा राहतो. धरण आणि महाल एकाच बांधकामात साधणारी अशी रचना दख्खनमध्ये विरळा.

नऊ पाकळ्यांचा नवबुरूज व तोफा असलेला उपळी बुरूज पाहण्याजोगे.

1948 ची लढाई : हैदराबाद संस्थानावरील लष्करी कारवाईत, 13 सप्टेंबर 1948 रोजी, सोलापूरकडून आलेल्या भारतीय तुकड्यांची पहिली चकमक येथे झाली. बोरीवरील पूल शाबूत हाती आल्याने चिलखती दलाची वाट मोकळी झाली. त्याच दिवशी ते जळकोटमार्गे उमरग्यापर्यंत पोहोचले. शीख रेजिमेंटचे हवालदार बच्चितर सिंग यांना याच दिवशी नळदुर्ग भागात वीरमरण आले. अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांची गणना होते. 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हाच मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पाठ्यक्रमात तारखा पाठ होतात, पण मुरूमच्या मुलांना ही लढाई आपल्याच महामार्गावर झाली हे क्वचितच कोणी सांगते.

सहलीचा काळ : शाळा बहुधा हिवाळ्यात येतात. तेव्हा धबधबे कोरडे असतात आणि पाणीमहाल नुसती दगडी खोली वाटतो. वरचे बोरी धरण भरून वाहू लागले की नर-मादी सुरू होतात. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यास, मुक्तिसंग्राम दिनाच्या आठवड्यात सहल आणावी. तटाच्या कडांवर व शेवाळलेल्या पायऱ्यांवर मुलांना एकटे सोडू नये.