वेशीवरचा दगड काय सांगतो?



चाकणच्या कंपनीत कामाला जाणारी असो की चिंचवडला लेकीकडे निघालेली, आपल्या तोंडात रोज इतिहासातली नावं असतात. "चापेकर चौकात उतरायचंय." "राजगुरुनगरचं एक द्या." तिकीट घेतो, सुटे पैसे मोजतो, उतरतो. आज त्या नावांपाशी थोडं थांबू या.

पहिला चापेकर चौक. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ चिंचवडचे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. रोगी शोधायला गोरे सोल्जर घराघरात शिरत. देवघर बघत नसत, चूल बघत नसत. बायाबापड्यांनाही तपासणीसाठी बाहेर काढत. लोक चिडले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी प्लेगचा अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढं १८ एप्रिल १८९८ ला दामोदर फासावर गेले. १८९९ च्या मे महिन्यात आठ तारखेला वासुदेव आणि बारा तारखेला बाळकृष्ण गेले. तेरा महिन्यांत एका घरातले तीन मुलगे! पुतळ्याकडं बघून हे शौर्य कळतं. पण त्या घरातल्या बायकांनी पुढचे दिवस कसे काढले असतील, हा विचार आपल्यालाच करावा लागतो.

तिथून नाशिक रस्त्यानं चाकणला या. ट्रक, कंटेनर आणि कांद्याच्या गाड्या यांच्या गर्दीत एक जुना भुईकोट आहे, संग्रामदुर्ग. म्हणजे डोंगरावरचा नाही, सपाटीवरचा किल्ला. आता थोडी तटबंदी आणि बुरूज उरलेत. १६६० च्या जून महिन्यात शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन या किल्ल्यावर आला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि त्यांची तीन-साडेतीनशे माणसं. डोक्यावर आषाढ-श्रावणाचा पाऊस, दारूगोळा भिजतोय, बाहेरून मदत नाही. तरी जवळजवळ दोन महिने किल्ला हलला नाही. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार खणलं, त्यात दारू ठासली आणि ऑगस्टच्या मध्यावर एक बुरूज उडवला. मग किल्ला पडला. खानानं फिरंगोजींना चाकरी देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही, ते शिवाजी महाराजांकडं परत गेले. हरलेल्या किल्ल्याचीही आठवण का ठेवायची, याचं उत्तर इथं मिळतं.

आता राजगुरुनगर. आपल्या सासवा अजून खेडच म्हणतात. शिवराम हरी राजगुरू इथले. २३ मार्च १९३१ ला लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर ते फाशी गेले. वय होतं बावीस.

ही झाली मोठी नावं. त्यांना पुतळे आहेत, पाट्या आहेत. पण पाटी नसलेला इतिहास आपल्या गावात आहे, आणि त्याच्यासाठीच मी आज बोलतेय.

मारुतीच्या देवळामागं, वेशीपाशी किंवा ओढ्याकाठी एखादा उभा कोरीव दगड तुम्ही पाहिला असेल. कुणी त्याला शेंदूर लावतं, कुणी त्यावर धुणं आपटतं. आमच्या गावात मी नवी नवरी असताना अशाच दगडावर गोधड्या धुतल्यात. पुढं कळलं, तो वीरगळ. लढाईत मेलेल्या माणसाची आठवण. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर. जवळ गायी कोरल्या असतील तर समजायचं, गावची गुरं सोडवताना तो गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहो. अक्षर न येणाऱ्यालाही वाचता यावं असं ते लिखाण आहे.

त्याच्याच शेजारी कधी दुसरा दगड असतो. त्यावर कोपरात वाकवलेला एक हात, मनगटात बांगड्या. ती सतीशिळा. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईची खूण. आपण तिथं हळद-कुंकू वाहतो. मला मात्र तो हात बघून दरवेळी गलबलतं. १८२९ साली बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा झाला आणि मग ही प्रथा मोडत गेली. ती मोडली ते फार बरं झालं. पण दगड फोडू नका. कधीकाळी बाईची आठवण ठेवायची तर तिला जळावं लागत होतं, हे आपल्या लेकींना त्या दगडापाशी उभं करून सांगता येतं.

आता काळजीची गोष्ट. रस्ते रुंद होतायत, रानं विकली जातायत, कंपन्या येतायत. रोजगार येतो, त्याला नाही कशाला म्हणायचं? पण जेसीबीला वीरगळ आणि धोंडा यातला फरक कळत नाही. आणि दगडाबरोबर शिवाराची नावंही जातात. चिंचेचा मळा, वरची पड, देवाचं खाचर अशी नावं असलेल्या रानांना आता नुसते प्लॉट नंबर आहेत.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास हे काम करा. गावातले कोरीव दगड कुठं कुठं आहेत ते लिहा. मोबाईलवर फोटो काढा, तारीख आणि जागा टाका. दगडाला ऑइलपेंट फासू नका, तारेच्या ब्रशनं घासू नका. कोरलेलं झिजलं की वाचणारच नाही. उगाच जागेवरून हलवू नका, कारण तो कुठं उभा आहे हीसुद्धा माहितीच आहे. रस्त्याचं काम निघालं तर यादी घेऊन ग्रामसभेत उभ्या राहा आणि पुरातत्त्व खात्याला कळवायला सांगा.

आणि एक वही घाला. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारा, कोणत्या रानाचं नाव काय होतं, विहीर कुणी खणली, दुष्काळात घर कुणी तगवलं. उत्तरात बाईचं नाव आलं तर पूर्ण लिहा, माहेरच्या नावासकट. सतीशिळेवरच्या हाताला नाव नाही. आपल्या वहीत तरी असू द्या.