तळटीप : ‘आमचा रामलिंगाचा डोंगर’

१. येडशीजवळचे रामलिंग. लेखकाचे ‘आमचा’ मायेपोटी. ठिकाण धाराशिव जिल्ह्यातले, लेखक सोलापूरचा. सोलापुराभोवती सगळे माळरान, नान्नजला माळढोकाचे गवत. झाडीचा घाट हवा तर धुळे रस्त्याने बालाघाटाच्या रांगेपर्यंत जायचे. देऊळ मात्र डोंगरावर नाही, पायऱ्या उतरून दरीत आहे. पावसाळ्यात शेजारचा ओढा दगडांवरून धो धो कोसळतो. रावणाशी झुंजून जटायू इथेच पडला, अशी श्रद्धा. पुढे उल्लेखलेली ‘छोटी गाडी’ म्हणजे १९११ साली लातूरला पोचलेली बार्शी लाइट रेल्वे. रूळ तेव्हा अडीच फुटी, वाट येडशीवरूनच. १९९७पासून हे रान अभयारण्य आहे. माकडांविषयीची लेखकाची तक्रार अतिशयोक्त नाही : नारळाची पिशवी झाकूनच न्यावी.